घड्याळजीचा गारवा

मे महिना लागला की अंधेरी, घाटकोपर, बोरिवली स्थानकांबाहेरच्या दुकानांत छोटे कूलर दर्शनी भागात येतात. गाडीत ठेवायची पेटी, उशाशी मावणारा फ्रिज, औषधांचा थंड डबा, गळ्यात अडकवायचा कूलर. आकार निरनिराळे, किमतीही निरनिराळ्या. पण ज्यात बर्फ घालावा लागत नाही, पाणी भरावे लागत नाही आणि कॉम्प्रेसरची घरघरही ऐकू येत नाही, अशा बहुतेक उपकरणांच्या पोटात एकच वस्तू असते. साधारण ४ सेंटिमीटर लांब-रुंद, बिस्किटाएवढी जाड, पांढरी चौकोनी चकती आणि तिला दोन तारा. वीज सोडली की चकतीची एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. दुरुस्तीवाले तिला ‘पेल्टिअर’ म्हणतात. हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

झां शार्ल आतानास पेल्तिए हा माणूस ना कारखानदार होता, ना प्राध्यापक. तो घड्याळजी होता. थंडावा देणारे एकही यंत्र त्याने बनवले नाही. तरीही आज कोणी इन्सुलिन ठेवण्यासाठी छोटा कूलर घ्यायला निघाला असेल, तर त्याला सर्वांत उपयोगी सल्ला पेल्तिएच्या कामातूनच मिळतो.

पेल्तिएचा जन्म २२ फेब्रुवारी १७८५ रोजी झाला. पॅरिसच्या उत्तरेला सॉम नदीकाठी आम नावाचे छोटे गाव आहे, तिथला हा मुलगा. वडील चांभारकाम करत. मुलगा शाळेत हुशार होता, पण घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे शिक्षण लवकर थांबले आणि त्याला घड्याळजीच्या हाताखाली उमेदवारीला ठेवण्यात आले. तो चार वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली होती. देशात सत्ता उलथत होत्या, सैन्ये उभी राहत होती आणि हा पोरगा भिंग डोळ्याला लावून दातेरी चाके घासत बसला होता.

पुढे तो पॅरिसला आला आणि अब्राहाम लुई ब्रेगे याच्याकडे काम करू लागला. ब्रेगे हा त्या काळातला युरोपातला सर्वांत नामांकित घड्याळकार. राणी मारी आंत्वानेत आणि नेपोलियन ही त्याची गिऱ्हाइके. अशा ठिकाणी काम करणाऱ्या कारागिराच्या हातांना एक शिस्त लागते. केसाएवढी स्प्रिंग कशी वळवायची, धातू तापला की किती प्रसरण पावतो, एका दिवसात काही सेकंदांची चूक का येते, याचा सतत विचार करावा लागतो. घड्याळ चुकले तर ‘साधारण बरोबर आहे’ असे म्हणून भागत नाही. पेल्तिएने ही सवय आयुष्यभर सोडली नाही. काही काळाने त्याने स्वतःचा व्यवसाय थाटला, लग्न केले आणि संसार सुरू झाला.

१८१५च्या सुमारास त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. सासूच्या निधनानंतर या जोडप्याला थोडीफार मालमत्ता मिळाली. ती ऐषारामाला पुरण्याएवढी नव्हती, पण काटकसरीने राहिले तर रोजची कमाई करावी लागणार नव्हती. तेव्हा पेल्तिए जेमतेम तिशीचा होता. त्याने दुकान सोडले आणि लहानपणी राहून गेलेले शिक्षण सुरू केले. त्याने आधी भाषा-व्याकरण धरले. मग फ्रांझ योसेफ गाल या वैद्याच्या मतांनी त्याला ओढून घेतले. कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असा गालचा दावा होता. हे शास्त्र पुढे खोटे ठरले, पण पेल्तिएला त्यातून मेंदूच्या रचनेची गोडी लागली. मेंदूकडून तो मज्जातंतूंकडे वळला. बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श झाला की तो आखडतो, हे इटलीच्या गॅल्व्हानीने आधीच्या शतकात दाखवले होते. म्हणजे मज्जातंतू समजून घ्यायचे तर वीज समजून घ्यायला हवी. अशा रीतीने शरीराचा अभ्यास करता करता पेल्तिए विजेपर्यंत पोहोचला.

पेल्तिएच्या पाठीशी विद्यापीठ नव्हते, पण हातात कसब होते. वीज मोजायची नाजूक उपकरणे तो स्वतः घडवी. हा काळही मोठा धामधुमीचा होता. १८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडने तारेतल्या विजेमुळे होकायंत्राची सुई हलते हे दाखवले. १८२१ मध्ये थॉमस योहान सीबेक याला दिसले की दोन वेगळ्या धातूंचे सांधे करून एक सांधा तापवला, तर जवळची चुंबकसुई वळते. म्हणजे उष्णतेच्या फरकातून वीज तयार होते. तोवर वीज आणि उष्णता हे दोन वेगळे विषय मानले जात होते. सीबेकच्या प्रयोगाने त्यांच्यातला दरवाजा उघडला, पण एकाच बाजूने.

दुसरी बाजू पेल्तिएने उघडली, तीही शोधायला न जाता. तो गारव्याच्या मागे नव्हता. अगदी मंद विजेमुळे धातू किती तापतो, तारेच्या लांबीवर सगळीकडे सारखाच तापतो का, एवढेच त्याला मोजायचे होते. त्यासाठी त्याने चिमट्यासारखे एक उपकरण केले होते. तारेवर हवे तिथे चिमटा धरायचा आणि तापमानातला बारीक फरक वाचायचा. एकाच धातूच्या तारेवर सारे अपेक्षेप्रमाणे होते. दोन धातू जिथे जोडले होते तिथे मात्र आकडे बिघडू लागले. बिस्मथ आणि अँटिमनी या धातूंच्या सांध्यावर तर विचित्रच घडले. वीज एका दिशेने सोडली की सांधा जास्त तापे. दिशा उलटी केली की तोच सांधा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होई.

विजेने वस्तू तापते हे साऱ्यांना माहीत होते. विजेने वस्तू थंड होते, हे कोणीच पाहिले नव्हते. चिमट्याची चूक असेल, असे म्हणून हा आकडा खोडून टाकणे सोपे होते. घड्याळजीने तसे केले नाही. त्याने तो सांधा हवेच्या तापमापकाच्या बंद नळीत बसवला आणि पुन्हा मोजले. आतली हवा आकुंचन पावली. गारवा खरा होता. १८३४ मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचे वय ४९ होते.

आपल्याला नेमके काय सापडले आहे, हे मात्र पेल्तिएला पुरते उमगले नाही. त्याच्या दृष्टीने ती धातूंच्या गुणधर्मांमुळे येणारी एक विसंगती होती. तिचा अर्थ चार वर्षांनी, १८३८ मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या एमिल लेंझ याने सर्वांना दाखवून दिला. बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर त्याने पाण्याचा थेंब ठेवला आणि वीज सोडली. थेंब गोठला. विजेची दिशा उलटी केली आणि बर्फ वितळला. म्हणजे वीज सांध्यावरची उष्णता उचलून दुसरीकडे नेत होती. गारवा तयार होत नव्हता, उष्णता फक्त जागा बदलत होती.

याच दशकात मुंबईतही बर्फाचे अप्रूप चालू होते. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने मुंबई बंदरात उतरवला जाई. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेला तो गारवा श्रीमंतांच्या पंगतीला मिळे. एका थेंबाचा बर्फ विजेवर तयार करण्याची युक्ती तेव्हा युरोपात सापडली होती, पण त्या युक्तीवर व्यवहार उभा करण्याचे कोणाच्या मनातही नव्हते.

पेल्तिए स्वतःही तिथे थांबला नाही. त्याचे लक्ष आभाळाकडे गेले. ढगांत वीज कशी साठते, वादळात हवेतला विद्युतभार कसा बदलतो, समुद्रावर उठणारे पाण्याचे खांब कशामुळे होतात, या प्रश्नांवर त्याने पुढची वर्षे घालवली. वातावरणातली वीज मोजणारे उपकरण त्याने बनवले आणि जलस्तंभांवरचा त्याचा ग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. २७ ऑक्टोबर १८४५ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा तो साठीचा होता. पुढे मुलाने त्याच्या जीवनावर आणि संशोधनावर पुस्तक लिहिले. सांध्यावरचा गारवा हे त्याच्या अनेक निरीक्षणांपैकी एक होते. त्यावरच आपले नाव टिकणार आहे, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

हा शोध शंभर वर्षांहून जास्त काळ पडून राहिला, याला कारण धातूच होते. वीज वाहताना तीन गोष्टी एकदम होतात. सांध्यावर उष्णता उचलली जाते. त्याच वेळी वीज वाहण्याच्या विरोधामुळे धातू आतून तापतो. शिवाय तापलेल्या टोकाची उष्णता धातूतूनच गार टोकाकडे परत झिरपते. वीज दुप्पट केली तर उष्णता उचलण्याचे काम दुप्पट होते, पण आतले तापणे चौपट होते. म्हणून नुसती वीज वाढवून जास्त गारवा मिळत नाही. एका मर्यादेनंतर उलटच होते. जर्मनीच्या एडमंड आल्टेनकिर्शने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गणित मांडले आणि नेहमीच्या धातूंकडून फारशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, हे स्पष्ट झाले.

वीज चांगली वाहील पण उष्णता कमी वाहील, असा पदार्थ हवा होता. तो अर्धवाहकांमध्ये सापडला. सोव्हिएत रशियात अब्राम योफे याने या विषयाला नव्याने चालना दिली आणि १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये ज्युलियन गोल्डस्मिड याने बिस्मथ टेल्युराइड या संयुगाने शीतकरण करून दाखवले. आजच्या चकतीतही हेच संयुग असते. तिच्या सर्वांत प्रचलित प्रकारात त्याच्या छोट्या ठोकळ्यांच्या १२७ जोड्या असतात. म्हणजे पेल्तिएच्या सांध्याचीच ही अनेक भावंडे.

हा शोध मुंबईच्या उपनगरातही येऊन पोहोचला. घाटकोपर आणि मुलुंड यांच्यामध्ये विक्रोळीला गोदरेजचा पसारा आहे. १९५८ पासून फ्रिज बनवणाऱ्या या उद्योगाने २०१०च्या सुमारास ‘छोटूकूल’ नावाची पेटी बाजारात आणली. वरून उघडणारी, सुमारे ४३ लिटरची, वजनाला १० किलोपेक्षा कमी, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. तिच्यात कॉम्प्रेसर नव्हता, पेल्तिएची चकती आणि पंखा होता. ज्या घरात फ्रिज परवडत नाही आणि वीज भरवशाची नाही, त्या घरासाठी ती योजलेली होती. तिचा आराखडा ठरवताना मराठवाड्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या महिलांची मते घेण्यात आली होती. उरलेली भाजी, दूध, पिण्याचे पाणी एक-दोन दिवस टिकावे, एवढीच त्यांची गरज होती. बर्फ करणे हे या पेटीचे उद्दिष्टच नव्हते.

आज छोटा कूलर घेणाऱ्यासाठी हीच गोष्ट कळीची आहे. पेल्तिएची चकती विशिष्ट तापमान देत नाही, तापमानातला फरक देते. चांगल्या पेटीतही आतले तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण १५ ते २० अंशांनी कमी होते. मे महिन्यात बोरिवलीच्या घरात ३४ अंश असतील तर पेटीत १४ ते १९ अंश मिळतील. पाण्याची बाटली, फळे, चॉकलेट यांना हे पुरते. न उघडलेल्या इन्सुलिनला पुरत नाही. त्याला २ ते ८ अंश लागतात आणि ते घरच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यातच ठेवावे. वापरात असलेले इन्सुलिन मात्र बहुतेक प्रकारांत २५ किंवा ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चांगले राहते. नेमका आकडा त्या औषधाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो आणि तोच पाळायचा. ज्यांना दुपारच्या उन्हात मुलुंडहून चर्चगेटला जायचे आहे किंवा ज्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीचा पत्रा दिवसभर तापतो, त्यांच्या वापरातल्या पेनसाठी अशी पेटी खरोखर उपयोगी आहे. महिन्याभराच्या साठ्यासाठी नाही.

याच फरकाचा उलटा धोकाही आहे. तापमान नियंत्रक नसलेली पेटी वातानुकूलित खोलीत रात्रभर चालू राहिली, तर २२ अंशांतून २० वजा होऊन आतले तापमान २ अंशांवर येऊ शकते आणि गार चकतीला टेकलेली वस्तू त्याहून थंड होऊ शकते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला बरे वाटले तरी वापरायचे नसते. त्याचा परिणाम उरला आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही, रक्तातली साखर वाढल्यावरच कळते. म्हणून औषधासाठी पेटी घेताना तापमान नियंत्रक असलेलीच घ्यावी.

दुसरी गोष्ट उष्णतेच्या स्थलांतराची. आतून उचललेली उष्णता मागच्या पंख्यातून बाहेर टाकली जाते, वर चकतीने खर्च केलेल्या विजेचीही उष्णता होते. पेटी कपाटात, पलंगाखाली किंवा भिंतीला चिकटवून ठेवली की ही उष्णता जाणार कुठे? ती तिथेच कोंडते आणि आतला गारवा कमी होतो. पंख्याच्या जाळीत धूळ साचली तरी तेच. चकतीवर चालणारा टेबल कूलर बंद खोलीत लावला तर चेहऱ्यावर गार झुळूक येते, पण खोली एकूण थोडी तापतेच.

तिसरी गोष्ट विजेची. मोबाइलच्या चार्जरवर, ५ व्होल्ट आणि २ अँपिअरवर चालणारे उपकरण १० वॉट घेते. चकती साधारणपणे घेतलेल्या विजेपेक्षा कमीच उष्णता हलवते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. तेव्हा १० वॉटचे उपकरण खोली थंड करील, ही जाहिरात हिशेबात बसत नाही. याउलट ५० वॉटची पेटी अखंड चालली तर दिवसाला १.२ युनिट जाळते. एका दरवाजाचा साधा घरगुती फ्रिज दिवसाला साधारण अर्धा युनिट घेतो. म्हणजे छोटी पेटी म्हणजे छोटे बिल, हे खरे नाही. प्रवासात आणि काही तासांपुरती वापरण्यासाठी ती ठीक, पण कायमच्या फ्रिजला पर्याय म्हणून महागच पडते.

आणि पाणी भरायचा छोटा कूलर? त्याचा पेल्तिएशी संबंध नाही. तो बाष्पीभवनावर चालतो. नागपूरच्या कोरड्या ४४ अंशांत असा कूलर हवा १५ अंशांहूनही जास्त उतरवू शकतो. मुंबईची हवा मुळात ओलसर. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तो फार तर ४-५ अंश उतरवील आणि खोलीतला दमटपणा वाढवील. घाम न सुकणे हाच इथला खरा त्रास. त्यामुळे बंद खोलीत तो लावला तर वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना उकाडा अधिकच जाणवू शकतो. लावायचाच तर खिडकी उघडी ठेवून.

पेटी घरी आणल्यावर करायचे पहिले काम पेल्तिएने दोनशे वर्षांपूर्वी करून दाखवलेलेच आहे. एक साधा तापमापक पेटीत ठेवायचा, एक बाहेर. चार तासांनी दोन्ही वाचायचे. भर दुपारी एकदा आणि रात्री एसी चालू असताना एकदा. पेटीवर छापलेला आकडा आणि तापमापकातला आकडा जुळला नाही, तर औषध कुठे ठेवायचे ते तापमापकाकडे पाहून ठरवायचे.